खड्ड्यात कोण राहतं?

मंगळवारी दुपारी पावणेदोनला सोड्याच्या कारखान्यात, तीन नंबरच्या टॉवरखाली पंपाचा जो खड्डा आहे, त्यात दोन माणसं पडली. आधी फिटर पडला. त्याला ओढून काढायला टॉवरचा ऑपरेटर उतरला, तोही शिडीच्या पायथ्याशी कोसळला. दोर टाकून दोघांना वर घेईपर्यंत फिटर गेला होता. ऑपरेटरचा श्वास चालू होता, शुद्ध नव्हती.

ऑपरेटर म्हणजे कॅन्टीन चालवणाऱ्या ताईंचा धाकटा भाऊ. टॉवरमध्ये दिवसभर गॅसचे बुडबुडे सोडायचं त्याचं काम, म्हणून सगळा कारखाना त्याला बुडबुड्या म्हणायचा. पॅकिंगचा मुकादम धापा टाकत कॅन्टीनच्या दारात आला आणि एवढंच म्हणाला, "ताई, बुडबुड्या पडला." ताईंनी शेगडी बंद केली आणि हातातल्या झाऱ्यासकट धावत सुटल्या. बटाटे कढईत तसेच राहिले. कढईच्या वर, भिंतीतल्या गोल भोकात, पंखा गरगर फिरत होता. तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

पुढे जे झालं ते त्या पंख्यावरून झालं.

या कारखान्यात खायचा सोडा बनतो. धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवायचा, ते पाणी उंच टॉवरमध्ये वरून सोडायचं आणि खालून कार्बन डायऑक्साइड. दोघांची गाठ पडली की पाणी दुधासारखं होतं आणि पांढरे बारीक कण तळाशी बसू लागतात. ते गाळायचे, त्यांतलं पाणी झटकायचं आणि कोमट वाऱ्यावर वाळवायचे. कोमटच. ताव जास्त झाला तर कण पोटातला गॅस सोडून देतात आणि खायच्या सोड्याचा परत धुण्याचा सोडा होतो. केलेलं सगळं पाण्यात. बुडबुड्या हे ताईंना इतक्या वेळा सांगायचा की त्यांना ते पाठ झालं होतं.

"आम्ही गॅस कोंडतो," तो म्हणायचा, "आणि तू पिठात लिंबू पिळून त्याला सोडवतेस. आंबट दिसलं की तो आत थांबतच नाही."

"म्हणजे तुम्ही तुरुंगवाले आणि मी जामीन देणारी," ताई म्हणायच्या. "बस आता, चहा निवतोय."

आंबटाचा आणि सोड्याचा हा खेळ टॉवरखाली मोठ्या मापात चालायचा. टॉवरच्या आतल्या अंगाला सोड्याची दगडासारखी पुटं धरतात. ती सोडवायला अधूनमधून टॉवर बंद करून आतून अ‍ॅसिड फिरवतात. अ‍ॅसिडचा पंप खाली खड्ड्यात. खड्डा म्हणजे माणसापेक्षा खोल अशी बिनछपराची खोलीच, उतरायला लोखंडी शिडी. पंपाचा एखादा जोड गळला की खाली अ‍ॅसिड साचतं आणि नाकाला झोंबणारा वास वर येतो. त्यावर कारखान्याचा उपाय एकच, आणि तो इथला प्रत्येक जण झोपेतही सांगेल: सोडा टाका. हातावर अ‍ॅसिड उडालं, सोडा. पोटात जळजळ, सोडा. टॉयलेट तुंबलं, सोडा. खड्ड्याच्या तोंडाशी झाडणीची, म्हणजे जमिनीवरून झाडून काढलेल्या सोड्याची, पोती कायम उभी असायची. ती उपडी करायची, खाली फसफस होते, फेस चढतो, बसतो, वास जातो. मग पाच मिनिटं थांबायचं आणि उतरायचं. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि कुणाच्या केसालाही धक्का लागला नव्हता.

लागला नव्हता, कारण खड्ड्याच्या तळापासून एक पत्र्याची नळी वर येत होती आणि तिच्या तोंडाशी पंखा होता. अ‍ॅसिड मरतं तेव्हा सोड्यातला कोंडलेला गॅस सुटतो. एका पोत्यातून न्हाणीघर भरेल एवढा. हा गॅस हवेपेक्षा जड. वर उडून जात नाही, विहिरीत पाणी बसावं तसा खड्ड्यात बसून राहतो. त्याला रंग नाही. वास म्हणावा तर नाही. तो पंखा त्याला तळातून ओढून बाहेर फेकायचा. पाच मिनिटं थांबायची सगळ्यांना सवय होती. ती पाच मिनिटं पंख्याची आहेत, हे कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

आणि दीड महिन्यापूर्वी तो पंखा ताईंच्या कॅन्टीनमध्ये आला होता.

आला तो साहेबांच्या हुकमाने. साहेब म्हणजे कारखान्याचे मॅनेजर. बिस्किटांच्या एका मोठ्या कंपनीची माणसं माल बघायला यायची होती आणि जेवायला कॅन्टीनमध्ये बसायची होती. ताईंच्या तळणाचा धूर जेवणाच्या हॉलमध्ये भरायचा. त्याबद्दल ताई दोन वर्षं ओरडत होत्या. "साहेब, माझे डोळे गेले तर मीठ कुठलं आणि सोडा कुठला ते कळायचं नाही मला," असंही त्यांनी एकदा ऐकवलं होतं. तेव्हा साहेब हसले होते. पाहुणे येणार म्हटल्यावर मात्र साहेबांना धूर दिसू लागला. उद्या पंखा पाहिजे म्हणाले. नवा यायला वेळ लागणार होता.

फिटर शिडी घेऊन आला. खांद्यावर पंखा, पात्यांवर पांढरी खरपुडी, मिशीत सोड्याची भुकटी.

"ताई, खड्ड्याचा वारा तुमच्या कढईला आणलाय. एक चहा द्या, आल्याबिल्याची कंजुषी न करता."

"आणि खड्ड्याला रे?"

"तेच विचारलं मी साहेबांना. म्हटलं, साहेब, खड्ड्याला दुसरा कधी देता? तर म्हणतात," फिटरने साहेबांसारखी मान तिरकी केली, "'अरे, खड्ड्यात कोण राहतं?'"

दोघं हसले होते. ताईंना ते हसू आता टोचत होतं. फिटरने पाती ब्रशने खरवडून साफ केली, भिंतीला भोक पाडलं, पंखा बसवला. दुपारी ताईंनी पहिल्यांदा न खोकता तळण काढलं आणि फिटरला दोन वेळा दुवा दिला. पाहुणे आले, जेवले, गेले. चार दिवसांसाठी आणलेला पंखा तिथेच राहिला. दीड महिन्यात खड्ड्यात काही गळलं नाही, त्यामुळे कुणाला त्याची आठवणही झाली नाही. मंगळवारी जोड गळला. मुकादमाने तीन पोती टाकली. पाच मिनिटं थांबले. फिटर पाना घेऊन उतरला.

मंगळवारी संध्याकाळी साहेबांनी निरोप पाठवला: शोक म्हणून कॅन्टीन आज लवकर बंद करा. ताई तोवर दवाखान्यात होत्या. बंद कुणी केलं, किल्ली कुणी लावली, त्यांना ठाऊक नव्हतं. भावाच्या तोंडात नळी होती. यंत्र त्याच्याऐवजी श्वास घेत होतं. जो माणूस जन्मभर गॅस मोजून टॉवरमध्ये सोडत होता, त्याला आता दुसरं कुणी हवा मोजून देत होतं. डॉक्टर म्हणाले, मेंदूला किती वेळ हवा मिळाली नाही ते आत्ता सांगता येत नाही. वाट बघा.

बुधवारी सकाळी ताई कामावर आल्या. बसून वाट बघण्यापेक्षा शंभर माणसांचा चहा करत वाट बघणं बरं, असा त्यांचा हिशेब. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि त्या जागीच थांबल्या. पंखा नव्हता. पंख्याचं भोकही नव्हतं. तिथे सिमेंटचं गोल, ओलं, गडद ठिगळ.

तेवढ्यात सगळ्यांना गेटजवळ बोलावणं आलं. साहेबांनी फिटरबद्दल दोन चांगले शब्द काढले, रुमाल काढला, ठेवला आणि मग म्हणाले, "ही वेळ कुणाला दोष देण्याची नाही. पण एक गोष्ट मला बोलली पाहिजे. खड्ड्यातला पंखा चालू स्थितीत होता. उतरण्याआधी तो सुरू करणं ऑपरेटरची जबाबदारी होती. एक बटण दाबलं असतं तर आज आपल्यातला एक माणूस आपल्यात असता. नियम पाळा. एवढंच सांगतो."

दोष देण्याची वेळ नाही म्हणत म्हणत माणसाने खापर नेमकं कुणाच्या डोक्यावर फोडावं? जो उठून बोलू शकत नाही त्याच्या.

ताई गर्दीतून पुढे आल्या. "साहेब, पंखा माझ्या स्वयंपाकघरात होता."

"ताई," साहेब मायेने म्हणाले, "तुमच्या मनाची अवस्था मी समजू शकतो."

"माझ्या मनाचं राहू द्या. पंख्याचं बोला. काल दुपारी माझ्या कढईवर फिरत होता. आज तिथे ओलं सिमेंट आहे."

"कसला पंखा? धूर होतो, धूर होतो म्हणून दोन वर्षं तुम्हीच माझं डोकं खात होतात ना? पंखा असता तर ओरडला असतात कशाला?" साहेबांनी सगळ्यांकडे पाहिलं. दोघंतिघं उगाच हसले. "कंपनी तुमच्या भावाचं सगळं बघतेय. चांगला दवाखाना, चांगले डॉक्टर. ते मी आत्ता इथे बोलणार नव्हतो."

नव्हतो म्हणत बोलून झालं होतं.

ताईंनी वळून माणसांकडे पाहिलं. यांतला एकूण एक जण दीड महिना त्या पंख्याखालून ताट घेऊन गेला होता. "ताई, आता तुमच्याकडे गार हवा लागते हो, इथेच झोपू का?" असं म्हणणारा समोरच उभा होता. तो आपल्या बुटाची नाडी बघत होता. मुकादम आभाळ बघत होता. निम्मे लोक कंत्राटी, त्यांचं उद्याचं काम साहेबांच्या जिभेवर. ते ताईंना कळत होतं. पण कळण्याने राग थोडाच जातो. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा एक असतो, त्याला वाटी धरणारे शंभर.

दुपारच्या जेवणाला ताईंनी ताटं वाढली आणि प्रत्येक ताटाबरोबर एकच वाक्य दिलं. "वर बघून घे, छान सिमेंट बसवलंय." कुणी वर बघितलं नाही. मुकादम कुजबुजला, "ताई, नका ना. आमच्या पोटावर पाय येईल."

"पोट माझ्यासमोर घेऊन बसला आहेस म्हणून वाढतेय," ताई म्हणाल्या. "नाहीतर आज चूल पेटवायची इच्छा नव्हती. तूच पोती टाकलीस ना? मग सांग, पंख्याचा आवाज येत होता का?"

मुकादमाच्या हातातला घास तसाच राहिला. "फसफस येत होती," तो म्हणाला. "ती थांबल्यावर काहीच नाही. एकदम शांत." मग फार हळू आवाजात: "वास गेला होता, ताई. वास गेला म्हणजे झालं, असंच आम्ही समजतो."

"उद्या सरकारी निरीक्षक येणार आहेत. त्यांना हे सांगशील?"

तो उठून हात धुवायला गेला तो परत आला नाही.

संध्याकाळी ताई फिटरच्या घरी गेल्या. दोन खोल्यांचं घर, बाहेर बऱ्याच चपला. फिटरची बायको आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला बसली होती. फिटर आणि बुडबुड्या एका बाकावर डबा खाणारे, त्यामुळे दोन्ही घरांचं जाणंयेणं होतं. ताईंना बघून ती उठली नाही.

"कशाला आलात?" ती म्हणाली. "एक बटण, ताई. तुमच्या भावाला एक बटण दाबता आलं नाही?"

"कुणी सांगितलं तुला?"

"साहेब स्वतः आले होते. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. रडले."

"रडायला येतं त्यांना. फार छान येतं," ताई म्हणाल्या. "अगं, दाबायला पंखा तर हवा ना तिथे. तो माझ्याकडे होता. तुझ्याच नवऱ्याने बसवला, माझ्या कढईवर. साहेबांनी सांगितलं म्हणून."

बायकोने मान वर केली. ताईंना वाटलं, आता ती हात धरेल. पण तिचा चेहरा आणखी कठीण झाला.

"म्हणजे माझ्या नवऱ्यानेच स्वतःचा पंखा काढला, असं म्हणायला आलात? आधी बटण न दाबणारा तुमचा भाऊ होता. आता मरणाराच गुन्हेगार?"

"तसं नाही गं."

"मग कसं? दीड महिना तो वारा तुम्ही खाल्लात. मजेत. खड्ड्याला पंखा नाही हे तुम्हाला माहीत होतं, तुमच्या भावाला माहीत होतं. एकदा तरी म्हणालात का, माझा काढून न्या?"

भरमसाट राग घेऊन आलेल्या माणसाला त्याच्याच रागातला वाटा कुणी परत दिला की तो कुठे ठेवायचा ते कळत नाही. ताई म्हणाल्या, "नाही म्हटलं. खरं आहे. पण मी साधी माणूस, मला गॅस कुठे जातो ते आज कळलं. ज्यांना शिकवून पगार देऊन त्या खुर्चीवर बसवलंय, ते काय म्हणाले होते माहीत आहे? 'खड्ड्यात कोण राहतं?'"

फिटरची बायको म्हणाली, "हे वाक्य त्याने घरी येऊन मला करून दाखवलं होतं. मान तिरकी करून."

"मग?"

"मग आम्ही हसलो," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. ताई थोडा वेळ बसल्या आणि निघाल्या.

गुरुवारी निरीक्षक आले. वयस्क, बारीक, बोलायला कंजूष. साहेबांनी आधी त्यांना केबिनमध्ये बसवलं, मग तीन नंबरच्या टॉवरखाली नेलं. साहेबांबरोबर लॅबवाली होती. सोड्याचा प्रत्येक घाणा तपासून पास-नापास ठरवणारी ती तरुण बाई. अ‍ॅसिडचा साठाही तिच्याच ताब्यात. तिकडे चहा पाठवा, असा निरोप आला. ताई स्वतः ट्रे घेऊन गेल्या.

खड्ड्याच्या नळीच्या तोंडाशी पंखा होता. बाहेरच्या कड्याला निळा रंग, इतका ताजा की उन्हात चमकत होता. साहेबांनी बटण दाबून दाखवलं. पंखा फिरू लागला. वाऱ्याचा पहिला झोत ताईंच्या अंगावर आला. त्या वाऱ्याला त्यांच्या स्वयंपाकघराचा वास होता. जुन्या तळणीच्या तेलाचा, करपट, गोडसर, रोज केसांत बसून घरी येणारा.

"साहेब," त्या निरीक्षकांना म्हणाल्या, "हा पंखा माझा आहे."

"ही आमच्या ऑपरेटरची बहीण," साहेब चटकन म्हणाले. "बिचारीची मनःस्थिती..."

"वास घ्या ना. सोड्याच्या कारखान्यात बटाटे तळल्याचा वास कुठून येतो?"

निरीक्षकांनी कप घेतला, एक घोट प्यायला, ताईंकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. "बंद करा," ते म्हणाले. पाती थांबल्यावर त्यांनी हात आत घालून एका पात्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. बोट तपकिरी, चिकट झालं. त्यांनी ते नाकाशी नेलं. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"मोटारीचं तेल उडत असेल," साहेब म्हणाले.

"असेल," निरीक्षक म्हणाले. मग लॅबवालीकडे वळले. "या दोन तेलांतला फरक तपासता येतो?"

लॅबवालीने साहेबांकडे पाहिलं नाही. तिने पंख्याकडे पाहिलं. "येतो," ती म्हणाली. "तळणीच्या तेलाला कॉस्टिक सोड्याबरोबर उकळलं तर साबण होतो. मशीनच्या तेलाचा होत नाही." ती थांबली. ताईंना वाटलं, संपलं. पण तिने एकदा श्वास घेतला आणि पुढे म्हणाली, "शिवाय खड्ड्यावरचा पंखा पांढरा असायला हवा. इथे आठवड्यात पुटं चढतात. याच्यावर काहीच नाही."

साहेब हसले. "साफ केलाय हो. अपघातानंतर सगळं साफ करून घेतलं."

"पांढरं साफ केलं आणि चिकट ठेवलं?" ताई म्हणाल्या. "वा! धुणारा कुठला हो, त्याला माझ्याकडे भांड्यांना ठेवते."

खरं तर त्यांना दुसरंच सुचत होतं आणि त्याने अंगाचा तिळपापड होत होता. रंगाला माणूस मिळाला, सिमेंटला गवंडी मिळाला. पण जो कारखाना भांड्याचा चिकटा काढणारा माल ट्रकांनी बाहेर पाठवतो, तिथे पात्यांवर मूठभर ओला सोडा चोळायचं एकालाही सुचलं नाही. इतका आळस. माणसाचं मरण झाकायचं तेसुद्धा धड नाही, वरवर रंग मारून. म्हणजे यांना पकडले जाण्याचीसुद्धा भीती नव्हती. विचारणार कोण, हाच भरवसा. खड्ड्यात कोण राहतं आणि खड्ड्याचं विचारतं कोण.

त्यांनी निरीक्षकांना कॅन्टीनमध्ये नेलं. साहेब मागून येत होते आणि कुणाला तरी फोन लावत होते. स्वयंपाकघरात ताईंनी भिंतीतल्या ठिगळावर अंगठा दाबला. बाजू सुकल्या होत्या, मधोमध मात्र अंगठ्याला ओल लागली. निरीक्षकांनी तिथेच आपला अंगठा ठेवून पाहिला.

"याने भोक होतं एवढं कळतं," ते म्हणाले. "पंखा होता हे कळत नाही. तो कुणी आणला हेही नाही. आणखी कोण सांगेल?"

ताई हॉलच्या दारात गेल्या. जेवायची वेळ होती. बाकं भरली होती. "निरीक्षकसाहेब विचारताहेत," त्या म्हणाल्या, "इथे पंखा होता का?"

चमच्यांचे आवाज बंद झाले. मुकादम पहिल्याच बाकावर होता. त्याने ताटातल्या बटाट्याचे दोन तुकडे केले, मग चार. कुणी बोललं नाही. पण कुणी नाहीही म्हटलं नाही, आणि साहेब समोर उभे असताना ती या माणसांच्या मानाने पुष्कळच मोठी गोष्ट होती. निरीक्षक त्या शांततेत थोडा वेळ उभे राहिले, वहीत काहीतरी लिहिलं आणि गेले. जाताना पंखा उतरवून, कापडात बांधून, सील करून बरोबर नेला.

त्यानंतरचं जे ठाऊक आहे ते असं.

पंख्याच्या पात्यांवरचा चिकटा सरकारी प्रयोगशाळेत गेला आहे. अहवाल आलेला नाही. लॅबवालीला साहेबांनी रजेवर पाठवलं आहे. तिने रजा मागितली नव्हती. निरीक्षक शुक्रवारी फिटरच्या घरी गेले होते आणि दार लावून अर्धा तास बसले. फिटरच्या बायकोने त्यांना काय सांगितलं ते तिने ताईंना सांगितलेलं नाही. मात्र शनिवारी ती दवाखान्यात आली, काचेतून बुडबुड्याकडे बघत उभी राहिली आणि गेली. बाकावर तिने एक डबा ठेवला होता, फिटर न्यायचा तो. त्यात दोघांपुरतं जेवण होतं.

रविवारी बुडबुड्याने डोळे उघडले. नळी अजून आहे, बोलता येत नाही. ताईंनी विचारलं, "मला ओळखलंस?" तर त्याने त्यांचं बोट दाबलं. मग त्याची नजर खोलीत फिरू लागली, दुसऱ्या खाटेवर गेली, दारावर गेली आणि परत ताईंवर आली. तो काय विचारतो आहे ते ताईंना स्पष्ट कळलं. त्यांनी त्याच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. फिटर गेल्याचं त्याला कुणी सांगितलेलं नाही. कारखान्याच्या हिशेबाने तो याच्यामुळे गेला, हेही नाही.

सोमवारी सकाळी ताई कामावर आल्या तेव्हा तीन नंबरचा टॉवर सुरू झाला होता. ऑर्डर थांबत नाही. खड्ड्याच्या नळीच्या तोंडाशी, पंखा होता तिथे, गोल भोक आहे; नवा मागवला आहे, असं सांगतात. शिडीला साखळी बांधली आहे. साखळीला कुलूप नाही.

आणि खड्ड्याच्या काठाशी झाडणीची तीन भरलेली पोती उभी आहेत.

"ही कुणी ठेवली?" ताईंनी मुकादमाला विचारलं.

"कुणी म्हणजे?" तो म्हणाला. "तीच जागा आहे ना त्यांची."